परिचयात गेलेलं गाणं

अजमानला राहून दुबईच्या पार दुसऱ्या टोकाला, जबल अलीला नोकरी करणाऱ्या माणसाला राग येतो, यात नवल काही नाही. सकाळी जाताना ट्रॅफिक, संध्याकाळी येताना ट्रॅफिक, आणि मधल्या वेळात बंदरात अडकलेल्या कंटेनरांवरून फोनवर आरडाओरडा. बायको म्हणते, तुम्ही आता चहात साखर मागता तीसुद्धा भांडल्यासारखी. पण आमच्या महाराष्ट्रीय मंडळावरचा माझा राग या रोजच्या रागातला नाही. तो येऊन वर्ष होत आलं तरी उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

हा राग ज्यांच्यापायी आला ते माझ्या मुलीचे गिटारचे सर. दुबईत ऊद मेथाला एका जुन्या इमारतीत संगीत-नृत्याचे वर्ग चालतात. एका खोलीत भरतनाट्यम, शेजारी तबला आणि अगदी टोकाच्या खोलीत सर. सर अमेरिकन. साठी उलटलेली, पांढऱ्या केसांची मागे बांधलेली शेंडी, उन्हाळा असो की नसो अंगात तोच निळा डेनिमचा शर्ट. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा पालकांना सांगितलं, मला नावाने हाक मारा. आम्ही सगळ्यांनी हसून मान डोलावली आणि पुढच्या शनिवारपासून त्यांना सर म्हणायला लागलो. शिकवणाऱ्या माणसाला नावाने हाक मारायला आपली जीभ वळत नाही.

मुलगी आत शिकायची आणि मी बाहेर कॉरिडॉरमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचो. वर्ग संपला की सर बाहेर यायचे, खालच्या कॅफेटेरियातून दोन करक चहा मागवायचे आणि माझ्या शेजारी बसायचे. मला रॉक संगीतातलं ओ की ठो कळत नाही. घरी भावगीतं आणि गाडीत बातम्या, एवढंच माझं ऐकणं. म्हणूनच बहुधा सर माझ्याशी मोकळेपणी बोलले. आपली अख्खी कारकीर्द त्यांनी मला सांगितली ती जाणकाराला सांगतात तशी नाही. प्रमोशन हुकलेला माणूस दुसऱ्या नोकरदाराला सांगतो, तशी सांगितली.

दुबईत ते आले हॉटेलात गायला. इथल्या हॉटेलांच्या लाउंजमध्ये संध्याकाळी कोणीतरी कोपऱ्यात उभं राहून गात असतं, लोक जेवत असतात, आणि त्या गाण्याकडे लक्ष गेलं तर मॅनेजरला वाटतं की आवाज जास्त झाला. अट एकच, दुसऱ्यांची गाणी म्हणायची, लोकांच्या ओळखीची. स्वतःचं एकही नाही. ज्या माणसाने तरुणपणापासून गाणी लिहिली, त्याने इथे वर्षानुवर्षं परक्यांची गाणी म्हटली. हॉटेलने राहायला जागा दिली होती ती जबल अलीच्या बाजूला, स्टाफच्या इमारतीत. वेटर, स्वयंपाकी, हाउसकीपिंगची माणसं यांच्याबरोबर सर कंपनीच्या बसने जायचे-यायचे.

त्या बसवर त्यांनी एक गाणं लिहिलं होतं. मी ते ऐकलं बंद दाराआडून, वर्ग संपवून मुलगी खाली कॅफेटेरियात गेली होती आणि ते एकटेच म्हणत होते तेव्हा. बसमध्ये दोन कामगार शेजारी बसतात. एक खिडकीला डोकं टेकून गाढ झोपतो आणि दुसरा त्याला रोज त्याच्या स्टॉपवर उठवतो. मग एक दिवस तो दुसरा सुट्टीवर घरी जातो, आणि झोपलेला माणूस शेवटच्या स्टॉपला जागा होतो. एवढंच. मी रोज त्या रस्त्याने जातो, त्या खिडक्यांना टेकलेली डोकी रोज पाहतो. मला इंग्रजी गाण्यातले शब्द सहसा कळत नाहीत, पण हे सगळे कळले.  त्या दिवशी गाडीत मी बातम्या लावल्या नाहीत.

मी त्यांना म्हटलं, हे रेकॉर्ड करून ठेवा, मोबाईलवर करा, मी करतो. त्यांनी साफ नाही म्हटलं. त्यांची कामाची पद्धत ठरलेली होती. गाणं आधी लोकांसमोर उभं राहून म्हणायचं, कुठे लोक चुळबुळ करतात, कुठे गप्प होतात ते बघायचं, त्याप्रमाणे कडवी बदलायची आणि मगच रेकॉर्ड करायचं. आयुष्यातलं प्रत्येक गाणं त्यांनी असंच केलं होतं. या गाण्याचं दुसरं कडवं अजून जमलेलं नाही, असं ते म्हणत. ते माणसांसमोर गेल्याशिवाय जमणार नाही.

आणि मग त्यांचा घसा बिघडला. स्वरतंतूंवर गाठ निघाली. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, मंगळवारची, आणि स्वच्छ सांगितलं की बोलता येईल, पण गाता येईल याची खात्री नाही. हॉटेलचं काम तर त्याआधीच सुटलं होतं. चहाचा पेला हातात धरून सर मला म्हणाले, "मला फक्त अर्धा तास हवा आहे. कुठेही चालेल. पैसे नकोत. समोर माणसं बसलेली हवीत आणि गाणी माझी हवीत."

मी आमच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या कमिटीवर होतो. मंगळवारच्या आधीच्या रविवारी दुपारी मंडळाचं वार्षिक संमेलन होतं, ऊद मेथातल्याच एका शाळेच्या सभागृहात. माझ्या मनात लगेच गणित जुळलं. मी मीटिंगमध्ये विषय काढला.

"अमेरिकन सिंगर? लाइव्ह?" अध्यक्ष खुर्चीत ताठ झाले. त्यांचा इंटिरियर काँट्रॅक्टिंगचा धंदा आहे, आणि त्यांना कुठलीही गोष्ट मोठी दिसली की आवडते. "अरे, पहले क्यों नहीं बताया? पोस्टरवर फोटो टाकू. इंटरनॅशनल आर्टिस्ट! फी काय त्यांची?"

"फी नको म्हणतात. फक्त अर्धा तास द्या, सलग. ऑपरेशन आहे त्यांचं, त्यानंतर गाता येईल की नाही माहीत नाही."

"हबीबी, अर्धा काय, पाऊण तास घ्या! सचिव, लिहून घ्या. चार वाजता फिक्स. खलास."

सचिवांनी लिहून घेतलं. सगळ्यांनी माना हलवल्या, अरेरे म्हटलं, आणि मीटिंग जेवणाच्या मेनूकडे वळली. मला तेव्हा अध्यक्षांबद्दल चक्क आदर वाटला होता. सांगून ठेवतो, म्हणजे पुढचा राग कुठून कोसळला ते कळेल.

रविवारी सर दुपारी तीनलाच आले. शर्ट इस्त्री केलेला, गिटारला नव्या तारा. माझी मुलगी त्यांच्याबरोबर विंगेत बसून राहिली. सभागृह भरलेलं होतं, नऊवारी, कुर्ते, अत्तरांचा घमघमाट. हॉल आम्हाला पाचपर्यंतच होता. पाचनंतर केरळच्या एका संस्थेचा कार्यक्रम होता आणि त्यांच्या नाचणाऱ्या मुली गजरे माळून आतापासूनच बाहेर कॉरिडॉरमध्ये उभ्या होत्या.

आमचं दीपप्रज्वलनच उशिरा झालं, कारण प्रमुख पाहुण्यांना पार्किंग मिळत नव्हतं. मग स्वागतगीत झालं. मग सत्कार सुरू झाले. आपल्या माणसांना सत्काराचा जो सोस आहे, तो परदेशात गेल्यावर दसपट होतो. गोल्ड स्पॉन्सरचा सत्कार, मग सिल्व्हर स्पॉन्सरचा, मग ज्यांनी नुसत्या पाण्याच्या बाटल्या दिल्या त्यांचा. प्रत्येकाला शाल, प्रत्येकाला नारळ, प्रत्येकाबरोबर फोटो. "वहिनींना पण बोलवा वर! बच्चों को भी बुलाओ! एक सेल्फी!" चार वाजून गेले. मी सचिवांना गाठलं.

"अहो, सरांचा वेळ चाललाय."

"होईल हो. इन्शाल्ला."

"इन्शाल्ला काय? हॉल पाचला सोडायचाय."

"तुम्ही टेन्शन घेऊ नका. बीपी वाढेल."

मग अध्यक्षांचं मनोगत झालं. हा माणूस वर्षभर व्हॉट्सॲपवर आपली मनोगतंच पाठवत असतो, तरी त्याच्या मनात अजून एवढं शिल्लक होतं. विंगेत सर गिटार गळ्यात अडकवून उभे होते. बोटं तारांवरून नुसती फिरत होती, आवाज न करता. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता आणि ते मात्र शांत. त्यांना सवय होती म्हणा.

शेवटी एकदाचं सरांचं नाव पुकारलं गेलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि सचिव माइकसमोर कागद घेऊन उभे राहिले. "आपल्या आजच्या आंतरराष्ट्रीय पाहुण्यांचा मी अल्प परिचय करून देतो."

तो अल्प परिचय त्यांनी मोबाईलमधल्या एआयकडून लिहून घेतला होता. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. त्यात सर 'सुरांचे शिलेदार' होते, 'साता समुद्रांपलीकडून आलेली सांगीतिक मशाल' होते. बालपणापासून सुरुवात झाली. त्यांच्या गावाच्या निसर्गाचं वर्णन आलं. सरांनी मला स्वतः सांगितलं होतं की त्यांच्या गावात टायरचा कारखाना होता आणि हवेला कायम जळक्या रबराचा वास असायचा. सचिवांच्या कागदात त्या गावात झुळझुळ वाहणारे झरे होते.

विंगेत सरांनी माझ्याकडे वाकून विचारलं, "ते काय सांगतायत?"

"तुमची कारकीर्द," मी म्हटलं.

"बरीच मोठी दिसते," ते म्हणाले.

सचिव वाचत राहिले. पहिल्या अल्बमने जग जिंकलं. खरं तर पहिल्या अल्बममधलं एक गाणं एका उन्हाळ्यात रेडिओवर वाजलं, बस. दुसऱ्या अल्बमने त्यांची कीर्ती दिगंतात पसरली म्हणे. खरं म्हणजे कंपनीला पहिल्यासारखंच दुसरं हवं होतं, आणि सरांनी बंद पडलेल्या कारखान्यावर आणि नोकरी गेलेल्या वडलांवर अख्खा अल्बम लिहिला. कोणी तो घेतला नाही आणि कंपनीने करार मोडला. मोठमोठ्या मैफली त्यांनी गाजवल्या, हेही कागदावर होतं. त्या मैफली होत्या मोठ्या बँडच्या. सर त्यांच्या आधी जाऊन लोक खुर्च्या शोधत असताना गायचे, आणि मग स्वतःच व्हॅन चालवत पुढच्या गावी जायचे. पुढे दुसऱ्यांच्या मागे गिटार वाजवली, लग्नांत वाजवली, जहाजांवर वाजवली. आपलं रेडिओवर वाजलेलं गाणं त्यांनी इथल्या लाउंजमध्ये एकदा म्हणून पाहिलं, तर मॅनेजरने तेही बंद करायला लावलं, का तर गिऱ्हाइकं ओळखत नाहीत. हे सगळं मी त्या कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर बसून ऐकलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर त्या माणसाचं आयुष्य दुसऱ्यांदा त्याच्याकडून काढून घेतलं जात होतं, आणि तेही टाळ्यांच्या गजरात.

परिचय संपला तेव्हा पाचला थोडाच वेळ उरला होता. एक गाणं बसेल, मी मनात म्हटलं. तेच गाणं. सर स्टेजवर गेले. आणि अध्यक्ष शाल घेऊन पुढे आले.

शाल नीट बसेना, कारण गळ्यात गिटारचा पट्टा होता. अध्यक्षांनी हसत हसत गिटार काढून ठेवायची खूण केली. सरांनी ती काढून स्टँडला टेकवली. मग फेटा. फेटा बांधणारे गृहस्थ कलाकार माणूस, घाई त्यांना ठाऊक नव्हती. सर खाली मान घालून उभे राहिले आणि त्यांच्या डोक्याला भगव्या कापडाचे वेढे पडत गेले. मी विंगेतून घड्याळाकडे बोट दाखवून हातवारे करत होतो. अध्यक्षांना वाटलं मी फोटोसाठी खुणावतोय. त्यांनी सरांना खांद्याला धरून कॅमेऱ्याकडे वळवलं.

आता सर गिटारकडे वळले, तेवढ्यात सचिवांनी पुन्हा माइक घेतला. गोल्ड स्पॉन्सरचा आज वाढदिवस होता. ट्रॉलीवरून केक आला. "सर, सर! प्लीज! बर्थडे साँग!" अध्यक्षांनी स्वतः त्यांच्या हातात माइक दिला. आणि फेटा बांधलेल्या, शाल पांघरलेल्या त्या माणसाने, ज्याने उभ्या आयुष्यात आपली गाणी स्वतः लिहिली, एका टाइल्सच्या व्यापाऱ्यासाठी वाढदिवसाचं गाणं म्हटलं. सगळ्या हॉलने त्यात सूर मिसळला. त्यांचा आवाज त्या गलक्यात मला ऐकूही आला नाही. मग आभारप्रदर्शन झालं, नाश्त्याची पाकिटं मागच्या दाराशी मिळतील अशी घोषणा झाली, आणि हॉलच्या वॉचमनने येऊन स्टेजचे दिवे बंद केले.

सर खाली आले. हातातला नारळ त्यांनी माझ्यापुढे धरला. "याचं काय करायचं?"

मी नारळ काखेत मारला आणि त्यांना गाडीकडे नेलं. गाडीत मी अध्यक्षांना, सचिवांना, त्या टाइल्सवाल्याला अशा काही शिव्या दिल्या की मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "बाबा, लँग्वेज!"

सर बाहेर बघत होते. म्हणाले, "मोठ्या बँडच्या आधी गाणाऱ्याचा वेळ नेहमीच कापतात. मला कळायला हवं होतं की आजही मी आधी गाणाराच आहे." मग थोड्या वेळाने म्हणाले, "मलाही राग आलाय. फार आलाय. पण डॉक्टरांनी मंगळवारपर्यंत ओरडायला मनाई केली आहे."

मी गाडी बाजूला घेऊन म्हटलं, आत्ता म्हणा, आम्ही दोघं आहोत ना. त्यांनी मान हलवली. सकाळपासून घसा राखून ठेवला होता तो त्या अर्ध्या तासासाठी, आणि तो त्या केकपाशी संपला होता. आवाज खरखरत होता. सोमवारी ते हॉस्पिटलात दाखल झाले.

मी त्यांच्या वाट्याचंही ओरडलो. मंडळाच्या ग्रुपवर लांबलचक लिहिलं, काही हातचं राखलं नाही. उत्तरं आली ती हात जोडलेल्या चित्रांची. 'खूप छान कार्यक्रम.' 'फेट्यात सर किती रुबाबदार!' एका वहिनींनी विचारलं, पाकिटातली अळूवडी कोणाकडून मागवली होती? अध्यक्षांनी मला वेगळा फोन केला. "यार, तुम्ही इतकं पर्सनली का घेता? आपण त्यांचा मान ठेवला की नाही? साहेब स्वतः थँक यू म्हणाले." मी कमिटी सोडली. कोणी अडवलं नाही.

ऑपरेशन नीट झालं, असं डॉक्टर म्हणाले. गाठ गेली. आवाजही गेला. आता सर बोलतात ते कुजबुजल्यासारखं, कान जवळ नेऊन ऐकावं लागतं. पण शनिवारचा वर्ग सुरू आहे. बोटं शाबूत आहेत.

मागच्या महिन्यात त्यांनी ते बसचं गाणं माझ्या मुलीला शिकवायला घेतलं. त्यांना गाता येत नाही म्हणून ते चाल गिटारवर वाजवून दाखवतात आणि ती म्हणते. मी बाहेर खुर्चीवर बसून ऐकतो. तिचा आवाज चांगला आहे, सूर पक्का आहे. पण ती म्हणते आणि सर थांबवतात. पुन्हा वाजवतात. ती पुन्हा म्हणते. "इज इट राइट नाऊ, सर?" ती विचारते. दाराच्या फटीतून मला दिसतं, ते मान हलवतात, हात वर नेतात, खाली आणतात, ओठ हलवतात, आणि त्या ओठांतून नुसती हवा येते. कुठला शब्द ओढायचा, कुठे आवाज बसवायचा, ते त्यांच्या गळ्यात होतं. ते तिला सांगता येत नाही, आणि तिने कधी ऐकलेलं नाही. मी ऐकलं होतं, एकदा, बंद दाराआडून. मला गाता येत नाही.

त्याच खुर्चीवर बसलो असताना परवा अध्यक्षांचा फोन आला. यंदाचं संमेलन जवळ आलंय. मागचं सगळं विसरा म्हणाले, या वेळी सरांना पुरता एक तास देतो, लिहून देतो.

मी म्हटलं, "त्यांचा आवाज गेला."

"अरेरे!" ते खरंच हळहळले. ते वाईट नाहीत, हाच तर वैताग आहे. "फार वाईट झालं हो. मग असं करू, त्यांना जीवनगौरव देऊ. लाइफटाइम अचीव्हमेंट. मोठा सत्कार. परिचय तर आपल्याकडे तयारच आहे."

आत मुलगी तीच ओळ पुन्हा म्हणत होती. मी उठून उभा राहिलो. इतका मोठ्याने ओरडलो की तबल्याच्या वर्गातली मुलं दारात आली. म्हटलं, "द्यायचा तर द्या पुरस्कार! पण परिचय नाही, शाल नाही, फेटा नाही, मनोगत नाही. तो एक तास या माणसाला स्टेजवर नुसतं गिटार वाजवू द्या आणि तुम्ही सगळे खाली गप्प बसा!"

 पलीकडून अध्यक्षांनी अगदी मनापासून, काळजीने विचारलं, "अहो, पण मग कार्यक्रमात करायचं काय?"